गाजरातलं तण गॅसच्या ज्वाळेनं मारलं तर चालतंय काय?

कडोली_शेतकरी:
नमस्कार मंडळी, यंदा 10 गुंठ्यात गाजर टाकणार हाय. गेल्या साली भांगलणीतच सगळा पैसा गेला, बायका मिळंनात, आणि गाजराचं रोप एवढं बारीक की तण उपटताना तेबी संगं येतंय. व्हिडिओत एकजण गॅस बर्नरनं तण मारत होता. कुणी करून बघितलंय काय?

निपाणी_रान:
दादा, तण जाळायचं नसतंय, नुसता चटका द्यायचा. चालत चालत बर्नर फिरवायचा, एका जागेवर एखादा सेकंद पुरे. पानातलं पाणी तापून पेशी फुटतात, रोप तेव्हा हिरवंच दिसतंय पण नंतर मान टाकतंय. पान अंगठा-बोटात दाबून बघा, गडद ठसा उठला की काम झालं, काळं होईस्तोवर थांबलात तर गॅस फुकट.
गाजराला मात्र हे उगवायच्या आधीच करायचं. बी उगवायला आठवडा-दोन आठवडे घेतंय, तोवर माठ, केना वर आलेला असतो. ओळीवर एका ठिकाणी काचेचा तुकडा ठेवा, खाली ऊब असती म्हणून तिथलं गाजर एक-दोन दिवस आधी निघतंय. तिथं कोंब दिसला की त्याच दिवशी सगळ्या वाफ्यावरनं ज्वाळा फिरवा. उशीर केलात तर गाजरच मरंल.

खानापूरचा_मका:
दोन-चार पानांचं रुंद पानाचं तण छान मरतंय, पण हरळी, लव्हाळ्याला उपयोग न्हाई, मुळापासनं परत फुटतंय. मक्याचा वाढीचा शेंडा पाच पानं होईस्तोवर मातीतच असतोय, वरची पानं भाजली तरी सावरतोय. सोयाबीनचं तसं न्हाई, शेंडा उगवल्यापासनंच वर, त्यात कोवळेपणी ज्वाळा घालू नका.

ऊसवाला_चिकोडी:
वारं बघा भावांनो! माझ्या बांधाला पाचट होतं, एका झुळकीत पेटलं आणि शेजारच्या उसाच्या दोन सऱ्या गेल्या, आजपण त्यांच्यासमोर जायला लाज वाटते. पाण्यानं भरलेला पंप जवळ ठेवा, एकट्यानं करू नका. आणि घरचा सिलिंडर शेतात वापरायला परवानगी नाही, 19 किलोचा कमर्शियल घ्या, रेग्युलेटर पण हाय प्रेशरचा लागतोय.

कडोली_शेतकरी:
लई उपकार झाले. आधी तीनच वाफ्यांवर करून बघतो, खिडकीची जुनी काच हाय घरात. सकाळी दव असताना केलं तर चालंल काय?

निपाणी_रान:
न्हाई, पान वाळू दे. ओल्या पानावर अर्धी आच पाणी वाळवण्यातच जातीय.