‘ग्रेगोरियन चांट’साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न : मध्ययुगीन युरोपातल्या मठांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ‘ग्रेगोरियन चांट’, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये लॅटिनमधून गायल्या जाणाऱ्या प्रार्थना, हा शब्द त्यात पानोपानी येतो. आधी ‘मंत्रजप’ लिहिलं, मग ‘स्तोत्रपठण’. दोन्ही खटकतात.

उत्तर : ‘जप’ तर नकोच. जपात एकच नाम पुन्हापुन्हा येतं. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीनुसार मठात दर आठवड्याला बायबलमधली सगळी १५० स्तोत्रं गाऊन व्हायची, म्हणजे शब्द सतत बदलते. ‘स्तोत्र’ म्हटलं की मराठी बायबल वाचणाऱ्याला या १५० स्तोत्रांची ‘स्तोत्रसंहिता’च आठवते, आणि मग मिस्साविधीतलं, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतलं, ‘किरिये’, ‘ग्लोरिया’, ‘सांक्तुस’ बाहेर राहतं.

‘पठण’ मात्र एका जागी चपखल बसतं. रविवारच्या सांजप्रार्थनेतलं स्तोत्र घ्या : ‘दीक्सित दोमिनुस दोमिनो मेओ’. सुरुवातीला दोनतीन चढते स्वर, मग आवाज एकाच स्वरावर टेकतो आणि शब्द त्यावरून चालत राहतात. ‘मेओ’पाशी छोटंसं वळण, क्षणभर शांतता, मग ओळीचा दुसरा भाग, शेवटी उतार. पुढची ओळ समोरच्या बाजूला उभे असलेले मठवासी उचलतात. वाद्य नाही, ताल नाही. पोथी वाचताना ओवीच्या शेवटी आवाज वळतो, तसंच काहीसं.

पण आता ‘अलेलुया’ ऐका. शेवटच्या ‘या’वर पोचल्यावर शब्द संपतो आणि गाणं संपतच नाही, त्या एका अक्षरावर स्वरांमागून स्वर येत राहतात. या लांबणीला ‘युबिलुस’ म्हणतात. हे गान आजच्या रूपात येण्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनने लिहून ठेवलं होतं, की जो आनंद शब्दांत मावत नाही तो असा शब्दांवाचून गायला जातो. याला पठण कसं म्हणणार?

म्हणून माझं मत ‘ग्रेगोरियन गान’. ‘गायन’ म्हटलं की श्रोते आणि बैठक आलीच. ‘गान’मध्ये ‘सामगाना’ची आठवण आहे, आणि इथेही गाणं प्रार्थनेला जोडलेलं नाही, गाणं हीच प्रार्थना आहे.

आणखी एक शंका : ‘ग्रेगोरियन’ म्हणजे पोप ग्रेगरी यांनी रचलेलं, अशी टीप द्यावी का?

उत्तर : अशी टीप चुकीची ठरेल. पहिले ग्रेगरी ५९० ते ६०४ या काळात पोप होते. हे गान आठव्या-नवव्या शतकात फ्रँकांच्या राज्यात (आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश), रोमची आणि तिथली स्थानिक परंपरा मिसळून घडलं. ग्रेगरींच्या कानाशी कबुतराच्या रूपातला पवित्र आत्मा चाली सांगतो आहे, अशी जुन्या हस्तलिखितांतली चित्रं सुंदर आहेत, पण ती आख्यायिका. ‘ग्रेगरींच्या नावाने ओळखलं जाणारं’ एवढंच लिहा.

मूळ प्रश्नकर्ती : पटलं, ‘ग्रेगोरियन गान’ घेते. ‘मोनोफोनिक’ला ‘एकसुरी’ केलंय, ते चालेल ना?

उत्तर : कृपा करून बदला! मराठीत ‘एकसुरी’ म्हणजे कंटाळवाणं. इथे सगळे मिळून एकच चाल गातात, खाली दुसरी चाल नसते, एवढाच अर्थ आहे. मी ‘एकपदरी’ लिहीन.