मदत हवी आहे: ग्लूटेन घातल्यापासून पिल्लं खात नाहीत. मेंदूतल्या ट्रिप्टोफॅनचा संबंध असेल का?

नमस्कार मंडळी,

पुणे-सोलापूर रस्त्याला यवतजवळ आमची २०० ब्रॉयलरची छोटी शेड आहे. मी आणि सासूबाई बघतो, खाद्य घरीच मिसळतो. सोयापेंड परवडेना, म्हणून या बॅचला मार्केट यार्डातून मका ग्लूटेन आणलं. १०० किलोत पेंड ३८ वरून २५ वर आणली, ग्लूटेन १० किलो घातलं. प्रथिनं हिशेबात २२ टक्क्यांच्या आसपासच राहतात. लायसिन आणि मिथिओनिन या अमिनो आम्लांची (प्रथिनांच्या घटकांची) पावडरही घातली.

आज पिल्लं १६ दिवसांची आहेत. रोज १५-१६ किलो खाद्य संपायला हवं, ११ च्या वर जात नाही. पशुवैद्यकांनी तपासून आजार नाही म्हणून सांगितलं. काल फीडरपाशी बसून राहिले. पिल्लू धावत येतं, चार-पाच चोची मारतं, चोच भुशाला घासतं आणि निघून जातं. रात्री गळ्याखालची अन्नपिशवी चाचपली तर निम्म्या पिल्लांची मऊ, रिकामी लागली. जीव तुटतो हो बघून.

मुलगी बारावीला आहे, तिच्याबरोबर वाचायला बसले. ल्युसिन आणि ट्रिप्टोफॅन हीही अमिनो आम्लंच; ग्लूटेनमध्ये ल्युसिन भरपूर आणि ट्रिप्टोफॅन फार कमी. रक्तातून मेंदूत शिरायला या दोघांना वाहक एकच, त्यामुळे ल्युसिनची गर्दी झाली की ट्रिप्टोफॅन बाहेर राहतं. मेंदूत सेरोटोनिन (पेशींमध्ये संदेश पोचवणारं रसायन) बनतं ते ट्रिप्टोफॅनपासूनच. इथवर समजलं.

पण पिल्लांच्या मेंदूत सेरोटोनिन टोचलं तर ती कमी खातात, असंही वाचलं. मग ट्रिप्टोफॅन कमी पोचल्यावर भूक वाढायला हवी ना? इथे तर उलटंच चाललंय. लायसिनपासून मेंदूत पिपेकोलिक आम्ल बनतं आणि जपानी संशोधकांनी ते पिल्लांच्या मेंदूत दिल्यावर पिल्लं कमी खाऊन झोपू लागली, हेही वाचलं. पावडर जास्त पडली की काय, अशी शंका आली. पण आमची पिल्लं पेंगत नाहीत, चांगली हिंडतात.

कुणी नीट उलगडून सांगेल का? आणि खाद्यात आत्ता काय बदल करू?

प्रतिसाद १
ताई, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. मेंदूत टोचून केलेले प्रयोग तास-दोन तासांचे असतात. एखादा पदार्थ एकदम वाढला तर काय होतं, एवढंच त्यातून कळतं. खाद्यातच अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी असेल तर मेंदू ती तूट वेगळ्या वाटेने ओळखतो. उंदरांमध्ये हे छान तपासलंय. मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींना त्या आम्लाची उणीव जाणवते आणि तासाभराच्या आत खाणं मंदावतं. असंतुलित खाद्यावर कोंबडीही खाणं कमी करते. मात्र उंदराचं सगळंच कोंबडीला लावू नका. घ्रेलिन या संप्रेरकाने उंदराची भूक वाढते, पिल्लांच्या मेंदूत दिलं तर घटते.

आधी एक करा. जुन्या मिश्रणाचा फीडर शेजारी ठेवा आणि दोन्हींचं वजन घ्या. ग्लूटेनच्या पोत्यात हात घालून वास घ्या. बुरशी असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवा आणि पोतं बाहेर काढा.

प्रतिसाद २
आर्जिनिन हे अमिनो आम्लही बघा. पक्ष्यांना ते शरीरात बनवता येत नाही. ते पेंडीतून येत होतं, तुम्ही पेंड कमी केलीत. वरून लायसिन जास्त झालं तर आर्जिनिनची गरज आणखी वाढते. थोडी शेंगदाणा पेंड चालेल, तिच्यात आर्जिनिन चांगलं असतं. फक्त अफ्लाटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) तपासणी झालेली घ्या.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पोत्याला वास नाही, गुठळ्याही नाहीत. सकाळी ७ ला दोन्ही फीडरांत ४-४ किलो घातलं, मुलीने वहीत वेळ लिहिली. ११ ला जुन्या खाद्याचं भांडं जवळपास रिकामं, नव्यात पावणेतीन किलो शिल्लक. सासूबाई म्हणाल्या, पिल्लांनीच सांगितलं की.

उद्यापासून पेंड ३४ वर नेते, ग्लूटेन ३ वर आणते. आता एवढंच सांगा: लायसिनची पावडर आहे तेवढीच ठेवू, की पेंड वाढल्याच्या हिशेबाने कमी करू?