मदत हवी आहे: खुंट्या खोचून ठेका वाजतो, पण हलगीची लचक येत नाही

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय.

पोरांना हलगी, घुमकं आणि कैताळ या तीन वाद्यांचा ठेका हातानं जुळवून बघता यावा म्हणून एक खेळणं केलंय. परातीएवढी प्लायची चकती, ३६ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळावर १६ भोकं. खुंटी खोचली की त्या जागी ठोका. स्क्रीन नाही, माउस नाही. ओळीत १६ बटणं १९८० च्या रोलंड टीआर-८०८ या ठेका वाजवणाऱ्या यंत्रालाही होती, पण ओळ संपली की पोरं सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, हरवतात. गोलात आवर्तन डोळ्यांना दिसतं.

खुंट्या म्हणजे हेडफोनच्या साडेतीन मिलिमीटरच्या पिना, आत रेझिस्टर: हलगीला १ के (किलो-ओहम), घुमक्याला ४.७ के, कैताळाला १० के. वर ५ व्होल्टकडं जोडलेला १० केचा रेझिस्टर (पुल-अप). अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर ९३, ३२७, ५११ च्या आसपास आकडे येतात, रिकाम्या भोकाला १०२३. अॅनालॉग पिना सहाच, म्हणून १६ भोकं एकाच पिनेवर आळीपाळीनं वाचणारी ४०६७ मल्टिप्लेक्सर चिप. खोचताना आकडा नाचून भलताच आवाज यायचा. लागोपाठ पाच वेळा तोच आकडा आला तरच धरायचा, असं केल्यावर थांबलं.

इथवर खुशीत होतो. परवा गल्लीतल्या एका हलगीवाल्या काकांपुढं ठेवलं. आयुष्य कुस्तीच्या मैदानात वाजवण्यात गेलेला माणूस. खुंट्या स्वतः खोचल्या, दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, "बरोबर वाजतंय, पर घड्याळागत. पैलवान शड्डू ठोकायचा न्हाई यावर." मग हलगी शेकून तोच ठेका वाजवला. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उघडलं, तर काही ठोके दरवेळी जागेच्या जरा मागं, एखादा पुढं. चूक नव्हे, ठरवून. तेवढ्यानंच अंगात येतं!

स्विंगचा एकच नॉब लावून बघितला. तो दर दुसरा ठोका सारखाच ढकलतो, त्यामुळं घड्याळ लंगडं झालं, बाकी काही नाही.

आता विचार असा, की भोकाऐवजी खाच ठेवायची आणि खुंटी मागंपुढं सरकवायची. मिनिटाला १२० ठोके आणि ठोक्याचे चार भाग धरले तर दोन भोकांत १२५ मिलिसेकंद. अंतर साधारण ७ सेंटीमीटर, म्हणजे १ सेंटीमीटर सरकवलं की १८ मिलिसेकंद. हाताला पुरेल असं वाटतं. पण पिन सरकती झाली तर रेझिस्टर वाचायचा कसा आणि जागा वाचायची कशी? १६ स्लाइड पोटेन्शिओमीटर (सरकवले की रेझिस्टन्स बदलणारे) खिशाला जड जातात. खुंटीत चुंबक आणि खाली लिनियर हॉल सेन्सर (चुंबकाच्या जोरानुसार आकडा देणारा) कुणी वापरलेत का? शेजारच्या खुंटीचं चुंबक ७ सेंटीमीटरवरून त्रास देतं का? खुंटी पिळून वेळ बदलायचाही पर्याय आहे, पण पिळलेली खुंटी लांबून ओळखू येत नाही, म्हणून मन घेत नाही.

रूपकाच्या ७ मात्रांसाठी १४ भोकांची वेगळी चकती करीन, ते सोपं आहे. खाचेचं मात्र दुसरी चकती उद्यमनगरात कापायला टाकायच्या आधी सांगा.