रात्रीच्या आकाशात पट्टे: ग्रेडियंटमधलं बँडिंग घालवायचं कसं?

निळीशाई

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आहे. ए-४ अधिक चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी जादा कड), ३०० डीपीआय, म्हणजे २५५१ × ३५७९ पिक्सेल. फोटोशॉप, आरजीबी, ८ बिट. आकाश म्हणजे एक ग्रेडियंट, हळूहळू बदलत जाणारा रंग: वर (८, १०, २८) आणि क्षितिजाजवळ (३०, २४, ६२), मधलं अंतर साधारण २४०० पिक्सेल. चंद्राभोवतीचं तेज मऊ ब्रशने, फ्लो (एका ठशात पडणारा रंग) २% ठेवून चढवलंय. सगळ्यात वर उजेड वाढवायला कर्व्हजचा लेयर.

आकाशात आडवे पट्टे दिसतात, म्हणजेच बँडिंग, काही जांभळट तर काही हिरवट. तेजाभोवती कांद्यासारखी कडी पडलीत. गॉशियन ब्लर ४० पिक्सेल देऊन पाहिला, काही फरक नाही. फाइल १६ बिटमध्ये नेली, तरी तेच. ५०% करड्या लेयरवर ३% नॉइज (विस्कळीत बारीक कण) टाकून तो ओव्हरले ब्लेंड मोडने चढवला, तर खालचा उजळ भाग सुधारला पण वरचा काळोख जैसे थे. शिवाय व्हॉट्सअॅपवर संपादकांना पाठवलेल्या चित्रात तर चक्क चौकोन दिसतात. याच चित्राचा पुढे फ्लेक्सही होणार आहे. नेमकं काय चुकतंय?

पिक्सेलपंत

आधी हिशोब मांडू. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनलला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या मिळतात, पण तुमचं आकाश त्यातल्या मूठभरच वापरतंय. लाल ८ वरून ३० वर जातो, म्हणजे २२ पायऱ्या. हिरव्याच्या १४, निळ्याच्या ३४. त्या २४०० पिक्सेलवर पसरल्या की लाल दर १०९ पिक्सेलनी एक घर पुढे सरकतो, हिरवा दर १७१ आणि निळा दर ७१ पिक्सेलनी. तिघांच्या पायऱ्या वेगवेगळ्या जागी पडतात. जिथे लाल आधी चढतो तिथे पट्टा जांभळट, जिथे हिरवा आधी चढतो तिथे हिरवट. रंगीत पट्ट्यांचं कारण एवढंच. त्यात डोळा कडेचा फरक वाढवून दाखवतो (माख पट्टे म्हणतात ते हेच), म्हणून एका घराचा फरकही जाणवतो.

ब्लर का चालला नाही? ब्लर सरासरी काढतो, पण उत्तर पुन्हा पूर्णांकातच लिहितो. २१ आणि २२ च्या मध्ये ८ बिटला जागाच नाही. १६ बिटमध्ये नेल्याने जुने आकडे मोठ्या पट्टीवर मांडले जातात, मधल्या छटा नव्याने तयार होत नाहीत. १६ बिट करायचं ते ग्रेडियंट ओढण्याआधी.

ब्रशचंही तसंच. तेजाचा रंग आणि आकाश यांच्यात १६० घरांचा फरक धरा. फ्लो २% म्हणजे ब्रशच्या मध्यभागी एका ठशाला सुमारे ३ घरं चढतात. पण मऊ कडेला, जिथे ब्रशचा जोर दहावा हिस्साच असतो, तिथे ०.३ घर. अर्ध्याच्या खालचं शून्यात जमा! म्हणजे कितीही वेळा हात फिरवला तरी ती कड चढतच नाही, तुटते, आणि कडी उमटतात. ८ बिटमध्ये १-२% फ्लोने हळूहळू तेज चढवणं म्हणजे बँडिंगला आमंत्रण.

त्यावर कर्व्हज. वक्र जिथे तिप्पट उभा आहे तिथे एका घराच्या पायऱ्या तीन घरांच्या होतात. हिस्टोग्राममध्ये (कुठल्या छटेचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख) कंगव्यासारख्या फटी दिसत असतील, बघा.

आता दुरुस्ती:

१. इमेज > मोड > १६ बिट्स/चॅनल. लेयर एकत्र करू का विचारेल, तिथे नको म्हणा.

२. जुनं आकाश काढून ग्रेडियंट फिल लेयर टाका आणि त्यातल्या डिदरवर (शेजारच्या दोन छटांचे पिक्सेल विस्कटून मिसळणं, म्हणजे पायरीची कड दिसत नाही) टिक करा. हा लेयर पिक्सेल साठवत नाही, दर वेळी नव्याने काढला जातो, त्यामुळे १६ बिटमध्ये खरोखरच बारीक पायऱ्या मिळतात.

३. तेज नव्या लेयरवर पुन्हा रंगवा. १६ बिटमध्ये २% फ्लो चालेल.

४. कर्व्हज आहे तसा वर राहू द्या.

५. शेवटी फाइलची प्रत करून आधी फ्लॅटन (सगळे लेयर एकत्र), मग ८ बिट. हा क्रम उलटा करू नका. लेयर तसेच ठेवून ८ बिट केलं की प्रत्येक लेयर वेगळा गोल होतो, त्यावर कर्व्हज पुन्हा चालतो आणि पट्टे परत हजर. एडिट > कलर सेटिंग्जमध्ये मोअर ऑप्शन्स उघडून 'यूज डिदर' चालू आहे ना तेही पाहून घ्या.

एका लेयरचे २७ एमबी होते ते ५५ होतील. फिल्टर गॅलरी १६ बिटमध्ये मिळणार नाही, ते काम ८ बिटच्या प्रतीवर.

खडूफळा

पंतांशी सहमत, फक्त नॉइजचं राहिलं.

ओव्हरले काळोखात का फसतो ते सूत्रातच आहे. खालचा रंग मध्यम करड्याहून गडद असेल तर ओव्हरले दोन्ही किमतींचा गुणाकार करतो. ३% नॉइज म्हणजे करड्यात साधारण ±७.६ घरं. खाली ६२ असेल तर त्याचे ±३.७ उरतात, २८ असेल तर ±१.७, आणि १० असेल तर ±०.६. वरच्या टोकाला तुमचा लाल आणि हिरवा ८-१० वर आहेत, तिथे नॉइज पोचतच नाही. सॉफ्ट लाइटचीही हीच गत.

त्या करड्या लेयरचा ब्लेंड मोड लिनियर लाइट करा. तो गुणत नाही, सरळ बेरीज-वजाबाकी करतो, त्यामुळे काळोखात आणि उजेडात नॉइज सारखाच बसतो. मात्र तो दुप्पट करतो. १% युनिफॉर्म नॉइज १००% ओपॅसिटीला ±५ घरं देईल, म्हणून ओपॅसिटी ३०-४० वर आणा. ±१.५ ते २ घरं पुरे. ३% हा खूप जास्त डोस आहे, चेहऱ्यावर वाळू दिसेल.

नॉइजच्या खिडकीतली मोनोक्रोमॅटिकची (तिन्ही चॅनलना एकच नॉइज) टिक काढून ठेवा, असं माझं मत. बहुतेक ट्युटोरियल उलट सांगतात. पण इथे तिन्ही चॅनलच्या पायऱ्या वेगळ्या जागी आहेत, त्या मोडायला तिघांना आपापला नॉइज हवा. इतक्या कमी प्रमाणात रंगीत कण दिसत नाहीत.

आणि नॉइज अगदी शेवटी, आकार पक्का झाल्यावरच. मोठ्या चित्रावर नॉइज टाकून ते चौथाई केलं तर १६ पिक्सेलची सरासरी एक होते आणि नॉइजचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. पट्टे पुन्हा दिसायला लागले की लोक प्रोग्रामला शिव्या घालतात.

निळीशाई

नवीन ग्रेडियंट आणि तेज करून पाहिलं, १००% झूमवर आकाश स्वच्छ आहे. पण ३३% वर अजून पुसट पट्टे दिसतात. लॅपटॉपवर जास्त, बाहेरच्या मॉनिटरवर कमी. आता दोष फाइलचा की स्क्रीनचा, कसं ओळखायचं?

पिक्सेलपंत

निकाल १००% वरच लावायचा. ६६.७% च्या खाली फोटोशॉप झटपट दाखवण्यासाठी कॅशमधली लहान प्रत वापरतं, लेयरवाल्या १६ बिट फाइलमध्ये तिथे खोटे पट्टे दिसतात. फ्लॅटन केलेल्या प्रतीत ते गेले तर विषय संपला.

फाइलची परीक्षा इन्फो पॅनलवर घ्या. आयड्रॉपरचा नमुना पॉइंट सॅम्पलवर ठेवून ८ बिटच्या अंतिम प्रतीत जिथे पट्टा वाटतो तिथून कर्सर हळूहळू वरून खाली न्या. आकडे २१, २२, २१, २१, २२ असे उड्या मारत असतील तर डिदर शाबूत आहे आणि पट्टा स्क्रीनचा. शंभर पिक्सेल सलग २१ आणि मग सलग २२ दिसलं तर डिदर झालेलंच नाही. २१ वरून थेट २४ असेल तर ८ बिटमध्येच कुठेतरी कर्व्हज किंवा लेव्हल्स चाललंय. डोळ्याने पटकन पाहायचं असेल तर सगळ्यात वर तात्पुरता कर्व्हज टाकून गडद भाग एकदम उभा ओढा, लपलेले पट्टे ओरडून सांगतील. बघून झालं की लेयर काढायला विसरू नका.

लॅपटॉपचे बरेच पॅनल ६ बिटचेच असतात, उरलेल्या छटा पिक्सेल भराभर लुकलुकवून भासवतात. नाइट लाइट चालू असेल तर बंद करा. ग्राफिक्स कार्डात भरलेलं कॅलिब्रेशनही बऱ्याचदा ८ बिटमध्येच आकडे वाकवतं, त्यानेही पायऱ्या पडतात.

व्हॉट्सअॅपचे चौकोन जेपेगचे. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करतं आणि क्वालिटी कमी असेल तर प्रत्येक तुकड्यातला बारीक फरक फेकून देतं. तुमचा ±२ चा नॉइज त्याला कचरा वाटतो. राहतात एकसारखे चौकोन. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल आहे तशी जाते. जेपेगच द्यायचं तर सेव्ह अॅजमध्ये क्वालिटी १० च्या खाली नको. ६ आणि त्याखाली तर फोटोशॉप रंगाची माहितीही अर्ध्या रिझोल्यूशनला आणतं, गडद निळ्याला ते फार नडतं. पीएनजीत नॉइज जसाच्या तसा राहतो, मात्र फाइल फुगते. पीएनजी-८ चुकूनही नको, त्यात सगळ्या चित्राला मिळून २५६ रंग.

रंगपेटी

फोटोशॉप नसलेल्यांसाठी थोडक्यात. क्रितात नवीन चित्र उघडतानाच कलर डेप्थ १६ बिट इंटिजर निवडा. गिंपमध्ये २.१० पासून इमेज > प्रिसिजन आहे, तिथे १६ बिट निवडताना लिनियर नको, पर्सेप्च्युअल घ्या, आणि ग्रेडियंट टूलच्या पर्यायांत डिदरिंगवर टिक. परत ८ बिट करताना गिंप डिदरबद्दल विचारतं, तिथे 'नन' सोडून काहीही चालेल. क्लिप स्टुडिओवाल्यांनी आकाश क्रितात करून, डिदर केलेला ८ बिटचा पीएनजी आत घ्यावा. आत घेतल्यावर त्यावर ब्लर किंवा ट्रान्सफॉर्म मारला की डिदर पुसलं जातं, हे लक्षात असू द्या.

शाईवाला

छपाईचं बोलतो. ऑफसेटला सीएमवायके (छपाईच्या चार शाया) करताना १६ बिटच्या फ्लॅट प्रतीवरूनच करा, प्रोफाइल प्रेसला विचारून, मग ८ बिट. २४०० डीपीआयच्या प्लेटवर १७५ एलपीआयचा (इंचाला ठिपक्यांच्या १७५ ओळी) स्क्रीन धरला तर एका ठिपक्याच्या घरात १३.७ × १३.७, म्हणजे सुमारे १८८ बिंदू बसतात. साध्या हिशोबाने १८९ छटा, २५६ सुद्धा नाहीत. १५० एलपीआयला २५७ होतात. हल्लीचे रिप (फाइलचे छपाईचे ठिपके बनवणारे प्रोग्राम) अनेक घरं एकत्र धरून ही उणीव भरून काढतात, पण जुन्या सेटअपवर छापणार असाल तर नॉइज थोडा वाढवा. ३०० डीपीआयला एक पिक्सेलचा नॉइज १७५ च्या स्क्रीनमध्ये बराचसा विरून जातो. छपाईच्या प्रतीत करडा नॉइज लेयर ०.४ पिक्सेल ब्लर करा आणि ओपॅसिटी दीडपट ठेवा. स्क्रीनवर थोडं खरखरीत वाटेल, कागदावर नाही. वरच्या अगदी गडद भागाची फार काळजी नको, तिथे शाई ठिपके बुजवतेच. पट्टे दिसले तर तेजाच्या मधल्या छटांत दिसतील, प्रूफवर तिथेच भिंग लावा.

अंकाच्या नावामागची पट्टी कोरलमध्ये करणार असाल तर फाउंटन फिलच्या (तिथला ग्रेडियंट) स्टेप्स कमी ठेवलेल्या नाहीत ना ते तपासा. त्यापेक्षा ती पट्टी फोटोशॉपच्या चित्रातच घ्या.

फ्लेक्सची प्रत वेगळी. त्याच्या मापाला आकार बदलल्यावर नॉइज नव्याने, १६ बिटच्या मूळ फाइलवरून. आणि फ्लेक्सवाला "बँडिंग आलंय" म्हणाला तर आधी पट्टे कुठल्या दिशेला आहेत ते विचारा. छपाई मशीनचं हेड ज्या दिशेने धावतं त्याच दिशेने, सगळ्या चित्रावर ठराविक अंतराने, चंद्रावर आणि अक्षरांवरसुद्धा रेघा असतील तर ते मशीनचं बँडिंग: नोझल बुजलेत किंवा माल पुढे सरकण्याची फीड चुकली आहे. नोझल चेक काढायला सांगा, फीड जुळवून घ्यायला सांगा, पास (एकाच जागेवरून हेडच्या फेऱ्या) वाढवायला सांगा. खात्री करायची तर चित्र ९० अंशांत फिरवून एक फुटाचा तुकडा छापून घ्या. पट्टे चित्राबरोबर फिरले तर फाइल पाहा, जागच्या जागी राहिले तर हेड.