मदत हवी आहे : २५ हजारांत घरी सिनेमा बघायला कुठला प्रोजेक्टर घ्यावा?

नमस्कार मंडळी, हॉलमध्ये टीव्हीऐवजी प्रोजेक्टर लावायचं चाललंय, बजेट २५ हजार, त्याच्या वर खरंच नाही जमणार. भिंत ते भिंत ११ फूट, बघणं रात्रीचंच, पण बाहेरच्या दिव्याचा उजेड खिडकीच्या पडद्याच्या कडेने आत येतोच.

ऑनलाइन कुणी १० हजार लुमेन्स (उजेडाचं माप) लिहितंय, कुणी २० हजार, आणि अन्सी लुमेन्स (म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड) किती विचारलं की दुकानदार विषय बदलतो. मला वाटतं जिथे अन्सीचा आकडाच दिला नाही ते मॉडेल बघूच नये. तसंच ‘४के सपोर्ट’चं, ४के व्हिडिओ चालतो एवढाच त्याचा अर्थ, आतलं पॅनल कधीकधी ७२०पीच असतं, म्हणून नेटिव्ह, म्हणजे पॅनलचंच, १०८०पी हवंच, आईबाबांना सबटायटल नीट वाचता आली पाहिजेत.

थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ धरला तर १०० इंची चित्राला पावणेनऊ फूट लागतात, तेवढी जागा आहे, पण मधोमध पंखा असल्याने प्रोजेक्टर एका बाजूला लावावा लागेल, आणि कीस्टोनने (तिरकं पडलेलं चित्र सरळ करायची सोय) चित्र सरळ केलं की पिक्सेल वाया जातात. कुणी असा तिरका लावलाय का, अक्षरं कडेला फुटतात का?

आमच्याकडे धूळ फार, त्यामुळे सील्ड इंजिनवाला (आतला लेन्स-पॅनलचा भाग धूळबंद असलेला) घेतला तर खरंच फरक पडतो का? आणि स्क्रीन आत्ताच घेऊ की भिंतीला मॅट पांढरा रंग देऊन भागेल? वर्षभर वापरलेल्यांनी मॉडेलच्या नावासकट सांगा प्लीज, दिवाळीआधी घ्यायचाय.