शब्दचर्चा: ‘धर्मात हस्तक्षेप’ की ‘नियमन’?

प्रश्न : सरकारने देवस्थानाचा कारभार हाती घेतला की बातम्यांत सर्रास ‘धर्मात हस्तक्षेप’ छापून येतं. ‘नियमन’ नेमकं कधी लिहावं?

प्रतिसाद १ : कशाला हात लागला ते पाहा. संविधानाच्या अनुच्छेद २६ मध्ये धर्मविषयक बाबी आणि मालमत्ता, दोन्ही संप्रदायाच्याच हाती आहेत. पण ‘कायद्यानुसार’ ही अट फक्त मालमत्तेच्या कारभाराला आहे. पंढरपूरच्या १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेतले, कारभार समितीकडे गेला. काकडा, शेजारती मात्र चालूच राहिल्या. जानेवारी २०१४ मध्ये बडव्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही. इथे ‘नियमन’ लिहा.

प्रश्न : आणि नैवेद्यावर किती खर्च करायचा, हे सरकारने ठरवलं तर?

प्रतिसाद २ : याचं उत्तर १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात आहे. (मठ उडुपीचा, पुणे जिल्ह्यातलं शिरूर नव्हे!) कोणते विधी आवश्यक, हे त्या धर्माच्या शिकवणीवरून ठरतं, अधिकाऱ्याने ‘एवढा नैवेद्य कशाला’ म्हणायचं नाही. पण खर्चाचं प्रमाण हा मालमत्तेच्या कारभाराचा भाग. उधळपट्टीने संस्थाच बुडायला लागली तर लगाम घालता येतो. त्याच निकालात, अधिकाऱ्याला मठात कधीही, कुठेही शिरायची मुभा देणारं कलम रद्द झालं. तो हस्तक्षेपच होता.

प्रतिसाद ३ : एक पुरवणी. ‘हस्तक्षेप’ म्हणजे बेकायदा असं गृहीत धरू नका. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या मर्यादा अनुच्छेद २५ मध्येच आहेत. समाजसुधारणेची आणि हिंदू मंदिरं सर्वांना खुली करण्याची मुभाही तिथेच. मंदिरप्रवेशाचा १९५६ चा कायदा म्हणजे रूढीत उघड हस्तक्षेप, आणि तो वैध. शनिशिंगणापूरच्या महिला प्रवेशाच्या वादात, २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने त्याचीच अंमलबजावणी करायला सांगितलं.

उलट उदाहरणही मुंबईचंच. बहिष्काराला बंदी करणारा १९४९ चा कायदा दाऊदी बोहरांच्या खटल्यात १९६२ मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी रद्द झाला : धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं ही बहुमताने धर्माचीच बाब मानली. हा निकाल पुन्हा तपासण्यासाठी २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे गेला. त्यामुळे त्याचा दाखला देताना एवढं जोडाच.

प्रश्न : ‘ढवळाढवळ’ चालेल?

प्रतिसाद १ : अग्रलेखात खुशाल. बातमीत नको, तो आरोप झाला.