मदत हवी आहे: तारांगणातला मुलांचा जुना शो पुन्हा उभा करायचाय

अवकाळी
नमस्कार मंडळी, आमच्या ट्रस्टच्या तारांगणात मुलांचा एक जुना शो आहे, आजोबा नातवंडांना गच्चीवरून आकाश दाखवतात असा. एकेकाळी सहलींची रांग लागायची, आता पोरं पाचव्या मिनिटाला चुळबुळ करतात. २३ ऑगस्टच्या अंतराळ दिनाला तो नव्याने दाखवायचाय. आवाज आणि चित्रं आहेत, फक्त डिजिटल कसं करायचं आणि काय बदलायचं ते सांगा. स्क्रिप्टमध्ये चुका पण आहेत, शनीला १७ चंद्र म्हटलंय आणि सगळ्यात लांबचा ग्रह नेपच्यून, प्लूटो असताना! कमिटी रोज डोकं खातेय, प्लीज लवकर.

मघा
"आवाज आणि चित्रं" कशावर आहेत? घुमट केवढा? प्रोजेक्टर कुठला?

डोमवाला
जुना गोळा (बारीक भोकांतून घुमटावर तारे पाडणारा प्रोजेक्टर) असेल तर सरळ भंगारात काढा. डिजिटल घ्या, तयार फुलडोम (अख्ख्या घुमटभर दिसणारे) शो मिळतात, विषय संपला.

रोहिणी_नक्षत्र
काहीही! गोळ्याचं आकाश खरं काळं असतं, डिजिटलमध्ये बरेचदा राखाडी दिसतं. आणि तयार शोमध्ये हे आजोबा कुठून आणणार? पुण्यात टिळक रोडच्या न्यू इंग्लिश स्कूलचं तारांगण १९५४ चं, तेव्हा कुठे होतं फुलडोम. मुलांना समोर बोलणारा माणूस लागतो, अर्धा शो लाइव्ह करा.

अवकाळी
गोळा चालू आहे हो, तो विचारलाच नव्हता. घुमट ६ मीटर. आवाज टेपच्या स्पूलवर, डबा उघडला की आंबूस वास येतो. चित्रं ३५ एमएमच्या स्लाइड्स, काहींवर बुरशी.

टेपवेडा
आंबूस वास?? मशीनवर अजिबात लावू नका. स्पूल आडवी उजेडासमोर धरा, गुंडाळलेल्या टेपमधून उजेड आरपार दिसला तर अॅसिटेट, म्हणजे जुन्या प्लास्टिकची टेप, ती सडायला लागली की असा वास येतो.

संदीप_नगरकर
आमच्याकडची टेप चिकट झालेली, ५४ डिग्रीला ८ तास भाजली, झकास वाजली.

टेपवेडा
अहो ते चिकट झालेल्या पॉलिएस्टर टेपचं! अॅसिटेट भाजली तर वाकडी होऊन कायमची जाईल. अर्धवट सल्ले देऊ नका.

चिऊताई
थोडं अवांतर, भाचा ८ वर्षांचा आहे, त्याला दुर्बीण कोणती घेऊ?

मघा
@चिऊताई आधी बायनॉक्युलर, बाकी वेगळ्या धाग्यावर.
@अवकाळी नेपच्यूनवाल्याला उगाच नावं ठेवताय. १९७९ ते १९९९ प्लूटो त्याच्या कक्षेत नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, म्हणजे लिहिणाऱ्याने अभ्यास करून लिहिलंय. २००६ ला प्लूटो ग्रहांच्या यादीतूनच गेला, त्यामुळे वाक्य आजही बरोबर, चूक होतं ते फक्त मधली ७ वर्षं :) १७ चंद्र म्हणजे शो १९९० च्या आधीचा दिसतो, त्या वर्षी अठरावा सापडला. २०२५ मध्ये २७४ झालेत. नवा आकडा घालू नका, आजोबांना नुसतं "शेकडो" म्हणू द्या, परत बदलायला नको.

डोमवाला
आजोबा म्हणू द्या म्हणजे? तो आवाज आहे का कोणाकडे? हक्क कुणाचे?

अवकाळी
आवाज देणारे सर गेले. त्यांचा मुलगा गावातच आहे, आवाज पण तसाच, विचारतो. आणि उजेड आरपार दिसतोय. आता काय?

टेपवेडा
मग ओव्हनच्या आसपास पण नेऊ नका. अॅसिटेट हाताळलेल्या माणसाकडेच द्या, एकदाच वाजवून रेकॉर्ड होईल. २३ तारखेचा हट्ट सोडा.

अवकाळी
कमिटीला हे तुम्हीच येऊन सांगा. आणि स्लाइड्सचं कुणी बोललंच नाही.

रोहिणी_नक्षत्र
पाण्याने पुसू नका, रंग उतरेल. खालून लाइट देऊन मॅक्रो लेन्सने फोटो काढा. घुमटभर ताणू नका मात्र, खाली पोरांच्या नजरेसमोर छोटं चित्र आणि वर गोळ्याचं आकाश. आणि लाइव्हचं मी म्हटलेलं ते वाचलंत का?